समासातील एक शेरा

समीक्षकाने स्वतःच्या चुकीविषयी लिहू नये असा काही नियम नाही. तरी तसे लेखन आपल्याकडे फारसे होत नाही. मत बदलले तर आपण ते 'भूमिकेचा विकास' या नावाने नोंदवितो. प्रस्तुत लेखाचा विषय असा विकास नाही. तीस वर्षांपूर्वी एका हस्तलिखिताच्या समासात मी लाल शाईने एक शब्द लिहिला होता. तो शब्द कोणत्या सैद्धांतिक आधारावर लिहिला गेला आणि त्याने काय केले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

१९९४ साली मी नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, मी त्या काळाविषयी लिहितो आहे म्हणून त्या काळचे नाव वापरतो.) माझ्या वर्गात एका राजकीय पुढाऱ्याचा मुलगा होता. वर्ष, गाव आणि घर यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. त्यामुळे वाचकाने कोणत्याही घराण्याकडे बोट दाखविण्याच्या मोहात पडू नये. मुलगा अबोल होता, मागच्या बाकावर बसे, आणि शिकविलेल्या नाटकांविषयी तासानंतर येऊन नेमके प्रश्न विचारी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका हवी होती. त्याने एक लिहून आणली.

एकांकिका वीसेक पानांची होती. सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा पुण्याहून शिकून परत आला आहे. जिल्हा परिषदेची उमेदवारी ठरली आहे, सोयरीकही जवळजवळ ठरली आहे. रात्री कार्यकर्ते पांगल्यावर ओसरीवर बापलेक दोघेच उरतात, आणि मुलगा सांगतो की पुण्याला त्याचा एक मित्र आहे. आयुष्य काढायचे तर त्या मित्राबरोबरच. येथे वाचकाची अपेक्षा अशी की बाप उसळेल. तो उसळत नाही. तो आधी दाराकडे पाहतो आणि विचारतो, "आणखी कोणाला माहीत आहे?" त्यानंतरची दहा पाने म्हणजे एक वाटाघाट आहे. कोण बोलेल, कोण बोलणार नाही, विरोधी पॅनेलपर्यंत गोष्ट गेली तर काय, मुलीकडच्यांना काय सांगायचे. शेवटी बाप म्हणतो, "लग्न कर. मग तुझं तू बघ." आतून आई येते आणि सकाळी पंगतीला किती माणसे आहेत एवढेच विचारते. पडदा.

मी समासात लिहिले : 'असंभवनीय'. खाली दुसरी ओळ होती : 'संघर्ष नाही.'

दुसऱ्या दिवशी विभागात बसून मी त्याला समजावून सांगितले. विषय धीट आहे, परंतु आपल्या भागातील पाटलाच्या वाड्यात हे घडते हे प्रेक्षकाला पटणार नाही. त्याऐवजी तो मित्र मुलगी केला, समजा अन्य जातीतील मुलगी, तर आशय तोच राहील आणि संघर्ष सार्वत्रिक होईल. तो बराच वेळ पानांकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, मग बाप कशाला विचारील, आणखी कोणाला माहीत आहे म्हणून?"

"तो प्रश्न काढून टाक," मी म्हणालो.

त्याने काढून टाकला. नव्या संहितेत बाप गरजला, मुलाने जातीविरुद्ध भाषण केले, आई रडली. दुसरे पारितोषिक मिळाले. महाविद्यालयातील सत्काराला मुलाचे वडील स्वतः आले आणि आंतरजातीय विवाहांना समाजाने पाठिंबा दिला पाहिजे असे म्हणाले. टाळ्या पडल्या, त्यांत माझ्याही होत्या. त्या मुलाने पुढे काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एकांकिका त्याच्या स्वतःच्या आयुष्याविषयी होती काय, हे त्याने मला सांगितले नाही, मी विचारले नाही, आणि त्याविषयी आज येथे तर्क करण्याचा मला अधिकार नाही. लेखाचा विषय तो नाहीच. विषय माझा शेरा आहे.

'संभवनीयता' ही संज्ञा आपण ॲरिस्टॉटलपासून घेतो. शक्य परंतु न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य परंतु पटणारी घटना कवीने पसंत करावी, हे 'काव्यशास्त्रा'तील मत आपण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. पटणारी, पण कोणाला? हा प्रश्न वर्गात मी कधी विचारला नव्हता. झेरार झेनेत यांनी १९६८ साली संभवनीयतेविषयी लिहिलेल्या निबंधात तो विचारला आहे. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक मादाम द लाफाएत यांच्या १६७८ सालच्या 'ला प्रेंसेस द क्लेव्ह' या कादंबरीचे आहे. नायिका आपल्या नवऱ्याला सांगते की तिचे मन दुसऱ्यावर जडले आहे. हा कबुलीजबाब त्या काळच्या वाचकांना खटकला. कोणतीही पत्नी असे करणार नाही, असा आक्षेप आला. झेनेत यांचे विश्लेषण असे की, एखादी कृती संभवनीय वाटते ती समाजाने आधीच मान्य केलेल्या एखाद्या सूत्रात ती बसते म्हणून. सूत्र नसेल तर कृती अनाकलनीय ठरते, ती प्रत्यक्षात घडत असो वा नसो.

वादाचे कारण झालेली ती कृती कबुलीजबाबच असावी, हे मला आता योगायोगाचे वाटत नाही. घरातील एका माणसाने दुसऱ्याला आपल्या इच्छेविषयी खरे सांगणे यासाठी ज्या समाजाजवळ सूत्र नाही, तो समाज अशा सांगण्याला प्रथम 'कलादृष्ट्या सदोष' म्हणतो. शिक्षा, बहिष्कार, कायदा या पुढच्या गोष्टी. भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम १९९४ साली पूर्णांशाने लागू होते. ते मी वाचलेही नव्हते. माझ्या हातात लाल पेन होते आणि ते पुरेसे होते.

आता माझ्या शेऱ्यातील दुसऱ्या ओळीकडे वळतो. 'संघर्ष नाही' हे निरीक्षण बरोबर होते. त्याचा मी लावलेला अर्थ चूक होता. त्यासाठी आमच्या जिल्ह्याचा थोडा विचार आवश्यक आहे. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत जिल्ह्यात कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांचे जाळे विणले गेले. त्याने दुष्काळी टापूतील शेतकऱ्याला उभे केले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र सहकारी संस्थेत भागभांडवल सभासदांचे असते. नेतृत्व कायद्याने वारशात मिळत नाही. ते दर पाच वर्षांनी मतांतून मिळवावे लागते. म्हणून वारस असणे ही मालमत्तेची बाब न राहता सतत सादर करून दाखविण्याची बाब होते. गळीत हंगामापूर्वी बॉयलर अग्निप्रदीपन होते तेव्हा एखादा संचालक सपत्नीक पूजेला बसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'सपत्नीक' हा शब्द छापून येतो. पुढाऱ्याच्या घरचे लग्न म्हणजे मांडवात जमलेल्या तालुक्यांची मोजदाद असते. सोयरीक हा दोन गटांमधील करार असतो. अशा घरात मुलाचे लग्न हा त्याच्या राजकीय पात्रतेचा भाग आहे, आणि त्याची इच्छा कोणती हा प्रश्न कोणाच्या मनात येतच नाही.

त्या विद्यार्थ्याला हे माहीत होते, कारण तो त्या ओसरीवर वाढला होता. त्याने लिहिलेला बाप ओरडत नव्हता, कारण ओरडणे बाहेर ऐकू जाते. पुढारी घरातही पुढारीच राहतो : प्रथम माहिती कोठवर गेली आहे ते विचारतो, मग तडजोड मांडतो. 'तुझं तू बघ' या वाक्यात बापाची उदारता आहे आणि तीच मुलाची जन्मठेप आहे. ज्या मुलीशी लग्न होणार तिचा तर त्या ओसरीवर उच्चारही होत नाही. हे सारे नाट्य वीस पानांत होते. माझी संघर्षाची कल्पना दोन आवाजांच्या टकरीची होती. ज्या घरात टक्कर होऊच दिली जात नाही तेथील कौटुंबिक कलह ओळखण्याची साधने मजजवळ नव्हती.

अनभिज्ञता ही सबब मला घेता येणार नाही. विजय तेंडुलकरांचे १९८१ सालचे 'मित्राची गोष्ट' मी वाचले होते, शिकविलेही होते. सुमित्रा मला कधी असंभवनीय वाटली नाही. जब्बार पटेल यांच्या १९८२ सालच्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग आहे. तोही मला पटला होता. कारण उघड आहे. सुमित्रा पुण्याच्या महाविद्यालयीन जगातील होती, तिची गोष्ट बापू हा पुरुष सांगत होता, आणि शेवटी ती आत्महत्या करीत होती. आश्रमातील त्या दोघी घराबाहेर टाकलेल्याच होत्या. म्हणजे समलिंगी व्यक्ती दूरची असेल, बेघर असेल किंवा मरणार असेल तर माझ्या संभवनीयतेला अडचण नव्हती. आमच्याच तालुक्यातील, जिवंत, उमेदवारी ठरलेला आणि सकाळी पंगतीला बसणारा मुलगा मात्र मला न पटणारा होता.

लोकप्रिय चित्रपटानेही हेच शिकविले होते. सदाशिव अमरापूरकर आमच्या नगरचे. १९९१ सालच्या 'सडक'मध्ये त्यांनी कोठा चालविणाऱ्या 'महाराणी'ची भूमिका केली आणि खलभूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळविला. आम्हा नगरकरांना त्याचा अभिमान वाटला आणि अभिनयासाठी तो योग्यही होता. तृतीयपंथी आणि समलिंगी या निराळ्या गोष्टी आहेत. परंतु रूढ पुरुषपणाच्या चौकटीबाहेरचे माणूस पडद्यावर दिसले तर त्याची भीती वाटली पाहिजे किंवा हसू आले पाहिजे, हे सूत्र दोहोंना एकाच मापाने लावले जात होते. याच मराठी चित्रपटाने 'सामना'त साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील उभा केला होता, 'सिंहासन'मध्ये मंत्रालयाच्या खोल्या उघडून दाखविल्या होत्या. सत्तेचा गुन्हा कोठे पुरला आहे हे विचारणारा मास्तर आपल्या कलाविचारात होता. सत्तेच्या घरातील मुलाला काय हवे आहे हे विचारणारा मास्तर नव्हता. माझ्या हुद्द्याचे नाव मास्तरच होते, म्हणून हे वाक्य लिहिताना मला संकोच होतो.

मित्राची मुलगी करण्याची माझी युक्ती नवी नव्हती, हे मला नंतर वाचनातून कळले. लिलियन हेल्मन यांच्या १९३४ सालच्या 'द चिल्ड्रन्स अवर' या नाटकात एक शाळकरी मुलगी आपल्या दोन शिक्षिकांविषयी त्या परस्परांवर प्रेम करतात अशी वावडी उठवते. १९३६ साली विल्यम वायलर यांनी त्यावर 'दीज थ्री' हा चित्रपट केला तेव्हा वावडीतील प्रेम एका शिक्षिकेच्या वाग्दत्त वराकडे वळविण्यात आले आणि नेहमीचा त्रिकोण तयार झाला. नाटक मुळात एका खोट्याच्या सामर्थ्याविषयी आहे, अशी हेल्मन यांची भूमिका होती. म्हणजे आशय तोच राहतो, हे माझेच वाक्य. तरीही वायलर १९६१ साली त्याच नाटकाकडे परतले आणि मूळ आशय घेऊन त्यांनी दुसरा चित्रपट केला. टेनेसी विल्यम्स यांच्या 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'चे (१९५५) तसेच. मरणाच्या दारातील जमीनदार बाप, अठ्ठावीस हजार एकरांची इस्टेट, मूल नसलेला धाकटा मुलगा ब्रिक आणि त्याचा मृत मित्र स्किपर : वारसा आणि दडपलेली इच्छा यांचा इतका थेट सामना अन्यत्र क्वचित आढळेल. १९५८ सालच्या चित्रपटात स्किपरविषयीच्या भावनेचा तो धागा सेन्सॉरच्या नियमांमुळे पुसट करण्यात आला. मग ब्रिकचे दुःख नेमके कशाचे हेच धूसर झाले. व्यक्तीचे लिंग बदलले की 'आशय तोच राहतो' या समजुतीला ही दोन उदाहरणे पुरेसे उत्तर आहेत. आशयच बदलतो, कारण 'आणखी कोणाला माहीत आहे?' हा प्रश्न नाहीसा होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'साबर बोंडं' हा चित्रपट प्रदर्शित झाला. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले होते. मी तो पाहायला गेलो त्याचे कारण त्याहून साधे होते : तो आमच्या जिल्ह्यातील खरशिंदे या गावी चित्रित झाला आहे. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोघांमधले जुने धागे पुन्हा हाती येतात. नातेवाईक आनंदच्या लग्नाचा विषय सोडत नाहीत. त्याची आई, सुमन, आपला मुलगा कसा आहे हे जाणते आणि त्याच्या बाजूने उभी राहते. नातेवाइकांसाठी एक गोष्ट रचलेली आहे : आनंदचे एका मुलीवर प्रेम होते, ते फिसकटले, म्हणून तो लग्नाला तयार नाही.

त्या गोष्टीचा उल्लेख आला आणि मला पुढचे काही क्षण पडद्यावरचे दिसेनासे झाले. ही माझीच युक्ती होती. आमच्याच जिल्ह्याच्या मातीवर एक आई मित्राच्या जागी मुलगी ठेवीत होती. मात्र ती हे करीत होती ते मुलाला जगता यावे म्हणून. खरे काय ते घरात माहीत होते आणि खोटे फक्त दाराबाहेरच्यांसाठी होते. मी ते केले होते प्रेक्षकाला पटावे म्हणून, आणि ज्या एका जागी खरे बोलता आले असते त्या संहितेतूनच खरे काढून टाकले होते. एकच कृती दोन हातांत दोन अर्थ धारण करते, हे आपण चिन्हमीमांसेत शिकवितो. ते इतके जवळून पाहावे लागेल असे वाटले नव्हते.

'साबर बोंडं'मध्ये कोणीही आरडाओरडा करीत नाही. चित्रपट हळू चालतो, माणसे हलक्या आवाजात बोलतात, आणि कोणीही मरणाच्या शिक्षेला पात्र ठरत नाही. माझ्या जुन्या कसोटीने त्यावरही 'संघर्ष नाही' असा शेरा बसला असता. तथापि एक फरक नोंदविला पाहिजे. आनंदचे घर साधे आहे. त्याच्या लग्नावर कोणतेही पॅनेल अवलंबून नाही. आईचे प्रेम तेथे वाट काढू शकते. चेअरमनच्या ओसरीवर आई पंगतीची माणसे मोजते. तिला काही ठाऊक आहे की नाही हे त्या विद्यार्थ्याने मुद्दाम संदिग्ध ठेवले होते. ते घर मराठी पडद्यावर मला अद्याप भेटलेले नाही. मधल्या काळात सार्वजनिक भाषा मात्र बरीच पुढे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०२० साली महाराष्ट्रातील एका प्रमुख पक्षाने, राष्ट्रवादी काँग्रेसने, समलिंगी व तृतीयपंथी समुदायासाठी स्वतंत्र सेल स्थापन केला. २०२२ साली सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने अशा विवाहाचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला. व्यासपीठावरचा हा प्रवास मोलाचा आहे. ओसरीपर्यंत तो किती पोचला, हे सांगण्याचे काम कथा, नाटक आणि चित्रपट यांचे आहे. आणि ते त्यांना करू द्यायचे की नाही, यात समीक्षकाच्या शेऱ्याचा थोडा तरी वाटा असतो.

एकांकिकेची पहिली प्रत माझ्याजवळच राहिली होती. चित्रपट पाहून आल्यावर मी ती शोधून काढली. कागद पिवळा पडला आहे, लाल शाई मात्र तशीच आहे. पहिला विचार असा आला की ती मूळ लेखकाला परत पाठवावी, सोबत चार ओळी लिहाव्यात. पत्ता शोधण्याची गरज नव्हती. तो आता स्वतःच दोन संस्थांच्या कार्यकारिणीवर आहे, त्याचे छायाचित्र अधूनमधून वर्तमानपत्रात येते, 'सपत्नीक' या शब्दासह. पाकीट तयार केले. मग लक्षात आले की पुढाऱ्याच्या घरी येणारी टपाले तो स्वतः उघडीत नसणार. स्वीय सहायक उघडील, मुले उघडतील, कदाचित पत्नी उघडील. आणि एकांकिकेतील बापाचा प्रश्न तीस वर्षांनी माझ्यामुळे त्याच्या घरात विचारला जाईल.

मी पाकीट पाठविले नाही. हस्तलिखित माझ्या कपाटात आहे. समासातील शेरा मी खोडला, त्याखाली आजची तारीख घातली, आणि बापाच्या प्रश्नाखाली रेघ ओढली. यंदा नाट्यविचाराच्या तासाला ॲरिस्टॉटलचे ते वचन सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांना मी विचारणार आहे : पटणारी, पण कोणाला?